फळ्यावरचा पाचवा खाना

"तू दिवसभर त्या खोलीत बसून करतेस तरी काय?" हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी मला एकदाच विचारला. एकदाच, कारण ते कुठलीही गोष्ट एकदाच बोलतात. त्यांना घरात आणि गावात सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हणते. भाऊंचं बोलणं ऐकलंत तर ऐकलंत, नाही तर तुमचं नशीब. दुसऱ्यांदा सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. सासूबाई म्हणतात, "लग्नाचं विचारायला आले तेव्हाही एकदाच विचारलंन्. मी चटकन हो म्हटलं म्हणून बरं, नाही तर ते उठून चालले होते."

आम्ही मूळचे इथले असलो तरी राहायचो पुण्याला. चक्रीवादळ झालं, वाडी झोपली, ती सावरायला म्हणून पंधरा दिवसांसाठी दिवेआगरला आलो ते इथेच राहिलो. नवऱ्याने मागच्या तीन खोल्या रंगवून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण कंपनीला मी कुठे बसते याच्याशी देणंघेणं नाही. समुद्राच्या बाजूच्या खोलीत, जिथे इंटरनेट त्यातल्या त्यात शहाण्यासारखं वागतं, तिथे मी टेबल टाकलं, कानाला हेडफोन लावले आणि कामाला लागले. भाऊंना दिसायचं ते एवढंच, की सून सकाळी खोलीत जाते, आत कोणाशी तरी इंग्रजीत भांडते आणि संध्याकाळी तापलेल्या डोक्याने बाहेर येते.

तर प्रश्न आला. भाऊ ओटीवर बसले होते, पुढ्यात पानाचा डबा, हातात अडकित्ता. मी म्हटलं, आज सांगूनच टाकते.

"मी निरोप पोहोचवते, भाऊ."

"म्हणजे टपालात?"

"नाही हो. प्रोग्रामच्या आत. तुम्ही एटीएमवर बटण दाबता ना, तेव्हा आत एक निरोप निघतो, अमक्याने अमुक बटण दाबलं. तसे हजार निरोप. कोणी बटण दाबलं, कोणी खिडकी ओढली, घड्याळाचा एक ठोका पडला. ते सगळे एका रांगेत उभे राहतात. रांगेच्या तोंडाशी एक जण बसलेला असतो. तो एकेक निरोप उचलतो आणि ज्याचा त्याला देतो. बस, एवढंच त्याचं काम."

"आणि ज्याचा त्याला म्हणजे कोणाला?"

आता मला चेव आला. पंधरा वर्षं हे काम करत्येय, पण असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की पडद्यावर जी वस्तू दिसते, बटण, चौकट, अख्खी खिडकी, त्या प्रत्येकीच्या मागे आत एकेक निरोप घेणारा असतो. आम्ही त्याला ऑब्जेक्ट म्हणतो. त्याला काही ठरावीक निरोप कळतात. ओळखीचा निरोप आला की तो आपलं काम करतो. अनोळखी आला तर त्याने डोकं चालवायचं नाही, तो आपल्या वरच्याकडे द्यायचा. बटणाने चौकटीकडे, चौकटीने खिडकीकडे, खिडकीने अख्ख्या प्रोग्रामकडे. हा सगळा सांगाडा आयता मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. घर बांधताना खांब, वासे आणि आढं तयार मिळावं, आपण फक्त भिंती उभ्या करायच्या, तसं. आमच्यासारख्यांनी फक्त नवीन निरोप घेणारे तयार करायचे आणि त्यांना सांगायचं, बाबा रे, तुझे हे चार निरोप, बाकीचे वर दे.

भाऊंनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. "वाडीसारखंच आहे. पाडेल्याला कोणी विचारलं, आज जेवायला किती पानं, तर तो माडावरून सांगणार, ते मला काय ठावं, वैनीला विचारा." पाडेली म्हणजे माडापोफळीवर चढून नारळ-सुपारी उतरवणारा माणूस. आमच्या वाडीचा पाडेली गेली वीस वर्षं एकच.

"अगदी तसंच!" मी खूश.

"आणि सगळ्यात वरच्यालाही नाही कळला तर?"

"मग गळून जातो."

"गळून जातो म्हणजे? कुठे जातो?"

"कुठेच नाही. संपतो."

"ज्याने पाठवला त्याला कळतं?"

"छे. तो पाठवून कधीच मोकळा झालेला असतो."

अडकित्ता थांबला. भाऊंनी कातरलेले तुकडे डब्यात टाकले. मग म्हणाले, "हे काही बरं नाही." आणि पुन्हा कातरायला लागले. मी हसले. मला वाटलं, काय गोड माणूस आहे, प्रोग्रामच्या निरोपाचीसुद्धा काळजी करतो!

त्या दिवसांत भाऊंना खरी काळजी होती ती वेगळीच. चक्रीवादळाने आमच्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. घरातले आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलेलो असताना त्र्याहत्तर वर्षांच्या या माणसाने स्वतःच्या ठेवणीतल्या सुपाऱ्यांची रोपं करून घरामागे सत्तावीस रोपं लावली. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, पोफळ धरायला पाच-सहा वर्षं. कशाला या वयात?" भाऊ म्हणाले, "यातली पहिली सुपारी मी माझ्या हाताने कातरणार." एकदाच म्हणाले. पण ते सगळ्या घराने ऐकलं होतं.

सत्तावीसातली एकोणीस जगली. मध्ये भाऊंच्या छातीत दुखलं, आठ दिवस अलिबागला दवाखान्यात काढले, परत आले ते काठी घेऊन. त्यानंतर घरात कोणी उघड बोलायचं नाही, पण सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी मागे जाऊन पोफळींकडे बघून यायच्या, आणि मीही बघायची, आणि नवराही. मग यंदा, लावल्यापासून पाचव्या वर्षी, एकोणीसांतल्या सात झाडांना सुपारी धरली. हिरवेगार घोस, शिडीने हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. म्हणजे माझ्या डोक्याच्या दोन-तीन हात वर, झाडं अजून पोरसवदाच होती.

भाऊंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. पण त्यांनी लगेच दुसरी गोष्ट सांगितली. पावसाळ्यात पोफळीवर कोळे रोग येतो, हिरवी फळं कुजून टपाटप गळतात. त्याला उपाय एकच, पाऊस लागायच्या आधी मोरचूद आणि चुन्याची फवारणी. ती पाडेलीच करतो. शुक्रवारी यायचं त्याने कबूल केलं होतं. फवारणी चुकली तर पहिली सुपारी गेली पुढच्या वर्षावर. आणि 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द आमच्या घरात कोणालाही नको होते.

आता आमच्या घरातल्या निरोपांविषयी सांगायला हवं. पर्यटकांसाठी जो नंबर पाटीवर लिहिलाय, तो फोन ओटीच्या खिडकीत असतो, कारण रेंज तिथेच येते. जो जवळ असेल तो उचलतो. बहुतेक वेळा सासूबाई. आणि सासूबाईंचं फोनवरचं एकच वाक्य, "हो हो, सांगते हो." समोरचा काहीही म्हणो. एकदा एका कुटुंबाने कळवलं की आमच्यात नारळ कोणालाच चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, हो हो, सांगते हो. सांगितलं कोणालाच नाही. दिवेआगरला येऊन नारळ नको म्हणणारी माणसं असतील यावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता! त्या दिवशी सोलकढीपासून मोदकापर्यंत एकेक पदार्थ परत आला, आणि नवऱ्याने बिचाऱ्यांना बोर्लीहून पावभाजी आणून घातली.

मी म्हटलं, हे बास झालं. पंधरा वर्षं मी निरोपांचं काम करते आणि माझ्याच घरात ही तऱ्हा? स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळा फळा ठोकला. त्यावर चार खाने आखले. पाहुणे म्हणजे नवरा. स्वयंपाक म्हणजे सासूबाई. वाडी म्हणजे भाऊ. आणि वीजबिल, बँक, इंटरनेट, जे काही डोकं खाणारं असेल ते मी. नियम साधा. निरोप ज्याच्या हाती येईल त्याने बघायचं, आपला आहे का? असेल तर काम करायचं. नसेल तर ज्याचा असेल त्याच्या खान्यात लिहायचं. काम झालं की पुसायचं. "हो हो" म्हणून गिळायचं नाही.

"इश्श, मी कधी गिळते?" सासूबाई म्हणाल्या.

"नारळ," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाहुण्यांची चादर बदलायला निघून गेला.

पण फळा चालला हो! महिनाभरात घर सुतासारखं सरळ. सासूबाई तर इतक्या तरबेज झाल्या की शेजारणीचा निरोपसुद्धा आमच्या फळ्यावर लिहायला लागल्या. नवऱ्याने पाहुण्यांना फळा दाखवायला सुरुवात केली, "हे आमच्या हिचं डोकं." मी वरवर "चला, काहीतरीच," म्हणायची, पण आतून फुगून टम्म. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी ही गोष्ट मिठमसाला लावून सांगितली. म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मला लागू पडायला फार दिवस लागले नाहीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसात एक त्रांगडं उभं राहिलं. मी आमच्या प्रोग्राममध्ये एक नवी चौकट बसवली होती. दिसायला झकास. पण वापरणाऱ्यांची तक्रार यायला लागली की त्या चौकटीत असताना 'मागे घ्या' चालत नाही, 'छापा' चालत नाही, बटणं दाबली तरी ढिम्म. चूक दाखवत नाही, बंद पडत नाही, नुसतं काहीच होत नाही. अशा वेळी माझं डोकं फिरतं. सोमवारपासून मी खोलीत कोंडून घेतलं. जेवण टेबलावर. हेडफोन कानावर. कोणी दाराशी आलं की हात वर करायची, थांबा. रांग तपासली, ठीक. रांगेच्या तोंडाशी बसलेला तपासला, ठीक. अख्खं फ्रेमवर्क उसवून बघितलं. फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. चूक माझ्या चौकटीत असेल असं मला वाटलंच नाही, कारण ती मी लिहिली होती!

शुक्रवार उजाडला. भाऊ सकाळपासून आंघोळ करून, काठी घेऊन मागच्या अंगणात तयार. प्लास्टिकचं पिंप धुऊन पालथं घातलेलं. शेजारी चुना, आणि विरघळायला म्हणून रात्रीच फडक्यात बांधून बादलीत टांगलेला मोरचूद. पाडेली येणार, म्हणून सासूबाईंनी त्याच्यापुरत्या भाकऱ्याही केल्या होत्या. नऊ वाजले, दहा वाजले. पाडेल्याचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद. साडेदहाला भाऊ पालथ्या पिंपावर बसले. अकराला माझ्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि पलीकडे समुद्रावर ढग काळे होत चालले होते.

आणि बरोबर त्याच वेळी मला चूक सापडली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या चौकटीला पाच निरोप कळत होते, त्यांचं काम ती करत होती. बाकीच्या निरोपांसाठी शेवटी एकच ओळ लिहायची असते, वरच्याकडे दे. ही ओळ नवशिकासुद्धा विसरत नाही. मीही विसरले नव्हते, मी त्याहून शहाणपणा केला होता. मधे एकदा कशाची तरी तपासणी करताना मी त्या जागी दुसरीच ओळ लिहिली होती, 'मिळाला' अशी नोंद कर. मग ती तशीच राहिली. त्यामुळे 'छापा'चा निरोप यायचा, माझी चौकट म्हणायची 'मिळाला', आणि मागचे सगळे समजायचे, चला, कोणीतरी घेतला. वर द्यायचं कारणच उरत नव्हतं. नोंदवहीत ओळीने लिहिलेलं होतं. मिळाला. मिळाला. मिळाला. शेकडो निरोप मिळाले आणि एकाचंही काही झालं नाही.

मी खुर्चीत मागे रेलले, खिडकीतून बाहेर पाहिलं, भाऊंची पाठ दिसली, आणि मला मंगळवार आठवला.

मंगळवारी दुपारी याच खिडकीशी पाडेली उभा होता. मी एका साहेबाशी बोलत होते. पाडेली गजांतून काहीतरी सांगत होता, हाताने खुणा करत होता. मी हेडफोनचा एक कान जेमतेम उचलला होता. "वैनी, भाऊंना सांगा, शुक्रवारी न्हाय जमनार, मी उद्या सकालीच येतो. मोरचूद आज फडक्यात बांधून पान्यात टांगून ठेवा." एवढं सगळं तो बोलला होता, आणि ते सगळं मला आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तेव्हा मी काय म्हटलं होतं?

"हो हो, सांगते हो."

अगं बाई! हुबेहूब सासूबाई.

म्हणजे बुधवारी तो आला असणार. बुधवारी सकाळी भाऊ केस कापायला बोर्लीला गेले होते, नवरा पाहुण्यांना घेऊन हरिहरेश्वरला, सासूबाई विहिरीवर पंप लावून पाहुण्यांचे कपडे धूत होत्या. आणि मी खोलीत, कान बंद करून, निरोप कुठे गळतोय ते शोधत होते. त्याने हाका मारल्या असतील, पिंप कोरडं बघितलं असेल आणि गेला असेल.

मला रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कोणाला कळणार होतं? पाडेली विसरला असंच सगळे म्हणत होते. भाऊ तर त्याला नावं ठेवायला लागले होते, वीस वर्षांत पहिल्यांदा. पण ते ऐकवेना. त्या माणसाने दोन फेऱ्या मारल्या आणि वर त्यालाच शिव्या?

मी हेडफोन टेबलावर टाकले आणि मागे गेले. "भाऊ, तो मंगळवारी सांगायला आला होता. मला सांगून गेला. मी हो म्हटलं आणि विसरले. तो बुधवारी येऊन गेला."

सासूबाईंनी हातातलं भाकरीचं ताट खाली ठेवलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंगळवारी तो तुझ्या खिडकीपासून परत जाताना मी पाहिला होता," ते म्हणाले. "ओटीवरून दिसतं. काय म्हणाला ते विचारायला तुझ्या दाराशी दोनदा आलो. तू हात केलास. मला वाटलं, असेल तसं काही तर सांगेल."

मी हात केला होता. थांबा. आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि चक्क हमसून रडले, सासूबाई "अगं, असू दे, असू दे," म्हणेपर्यंत.

मग उठले. रडून सुपाऱ्या टिकत नाहीत. नवऱ्याची स्कूटर काढली आणि पाडेली श्रीवर्धनला एका वाडीत कामाला आहे असं शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून तिकडे, शेखाडीच्या समुद्रकडेच्या रस्त्याने सुटले. ऑफिसातून दोन फोन आले. दोन्ही वाजू दिले.

पाडेली मिळाला, पण जमिनीपासून चाळीस फुटांवर. मी माडाखालून ओरडले, "अहो, चुकलं माझं! आता चला!"

वरून आवाज आला, "कोन? वैनी? मी सांगितला व्हता तुमाला! तुमी व्हय म्हनलात!"

"हो, म्हटलं! गाढव आहे मी!"

आजूबाजूच्या वाडीतली चार माणसं बाहेर आली. आयटीतली बाई माडाखाली उभी राहून स्वतःला गाढव म्हणवून घेत्येय हे दृश्य त्यांना रोज कुठे बघायला मिळणार? पाडेली वरूनच हसायला लागला. पण म्हणाला, आठ दिवस सुटका नाही, या वाडीला शब्द दिलाय. "आनी पाऊस आठ दिवस वाट बगनार न्हाय." मग म्हणाला, "पन वैनी, तुमची झाडं तेवढीशी तर हायत. शिडीवरून व्हतील. भाऊंना विचारा, मला फवारायला त्यांनीच शिकवलाय. माझा पंप घरी हाय, घेऊन जा."

पंप घेऊन परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी. भाऊ खाली खुर्चीत, काठी हातात. नवरा शिडी धरून. मी वर, डोक्याला टॉवेल, तोंडाला ओढणी, पाठीवर पंप. मिश्रण झाल्यावर भाऊ म्हणाले, "कोयता बुडव." बुडवला. पात्याला तांबूस रंग चढला. "चुना कमी पडला. आणखी घाल." पुसून पुन्हा बुडवला, पातं स्वच्छ निघालं. "आता बरोबर." ही तपासणी मला भारीच आवडली. आमच्या प्रोग्रामला असा कोयता असता तर!

"घोसाच्या खालून मार. वरून सगळेच मारतात," भाऊ खालून सांगत होते. मी एकेक शब्द ऐकत होते. ऐकला की मोठ्याने म्हणायची, "खालून मारते!" म्हणजे त्यांना कळावं की पोहोचला. तिसऱ्या झाडाला मी अंगभर निळी झाले. सासूबाई मागच्या पायरीवरून म्हणाल्या, "बाई, आता मोरपीस तेवढं खोच." सातवं झाड संपलं आणि तासाभरात पाऊस आला. पण फवारणी वाळली होती. भाऊंनी पाऊस यायच्या आधीच पानाला बोट लावून बघितलं होतं आणि मान डोलावली होती.

त्याच दिवशी मी ऑफिसच्या प्रोग्राममधली ती ओळ बदलली. वरच्याकडे दे. 'मागे घ्या' चाललं, 'छापा' चाललं, साहेबांनी अभिनंदनाचा मेल पाठवला. मी तो उघडलासुद्धा नाही लवकर.

दोन दिवसांनी फळ्यावर बघते तर चौथ्या खान्यानंतर उरलेल्या जागेत खडूने एक रेघ मारलेली. जुन्या वळणाचं, ठसठशीत अक्षर. 'बाकी सगळं — भाऊ.'

"हे काय, भाऊ?"

"तू म्हणाली होतीस ना, कोणाचाच नसेल तो गळून जातो. तो इकडे टाका. मला कुठे काम आहे?"

आणि खरंच, त्या पाचव्या खान्यात काय काय येऊन पडायला लागलं! पाहुण्यांची विसरलेली चप्पल. शेजारच्या काकांच्या मांजराचा तपास. कोणीतरी फोनवर रडत होतं, चुकीचा नंबर, पण परत फोन करून विचारा बरं आहे का. भाऊ रोज सकाळी चष्मा लावून आपला खाना वाचायचे आणि काठी टेकत एकेकाच्या मागे लागायचे. चप्पल पोस्टाने कल्याणला गेली. दवाखान्यातून आल्यापासून इतके ताठ चालताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पावसाळ्यात सातातल्या दोन झाडांची फळं गळली, वरच्या अंगाला माझा फवारा नीट पोहोचला नव्हता. पाच टिकली. दिवाळीनंतर सुपारी पिकून केशरी झाली, पाडेल्याने येऊन हाताने उतरवली, आणि मला म्हणाला, "वैनी, उतरवली हां. ऐकलात ना?" मेला सोडतोय होय! मग ती अंगणात वाळत पडली. सुपारी वाळायला दीड महिना तरी लागतो. रोज पसरा, रोज गोळा करा. भाऊ खुर्ची टाकून राखण करत बसायचे.

मला वाटायचं, मी सुधारले. घरातलं कोणी दाराशी आलं की हेडफोन काढायची. हात वर करणं बंद. मग जानेवारीत ऑफिसचं नवं काम आलं, मोठं, घाईचं. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. घरात कोणी दाराशी येईना, मला वाटलं, सगळे समजूतदार झाले.

एका गुरुवारी दुपारी चहा घ्यायला बाहेर आले. भाऊ ओटीवर. पुढ्यात पानाचा डबा, डब्यावर अडकित्ता, आणि अडकित्त्याशेजारी सोललेली एकच सुपारी. गोल, टणक, करड्या रंगाची. अडकित्ता तसाच मिटलेला.

"भाऊ! आपली? वाळली? कधी?"

"सोमवारी."

"आणि चार दिवस तुम्ही कातरली नाहीत? पाच वर्षं वाट बघितलीत ना हिची!"

"तू वर चढली होतीस. तू नसताना कशी कातरू?"

"मग मला सांगायचं नाही का?"

भाऊंनी अडकित्ता उचलला, सुपारी पात्यात धरली, आणि हनुवटीने स्वयंपाकघराकडे खूण केली.

"सोमवारीच सांगितलं. तुझ्या खान्यात लिहिलंय."